उन्हात वाळवलेली कॅसेट

तीर्थरूप तात्यामामा, मु. डाळज, यांच्या पायाशी काटेवाडीहून भाचा नागेश याचा दंडवत. इकडं सगळे खुशाल. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि तांबड्या गाईचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा आहे (घरातल्या मानाप्रमाणं गाय आधी लिहायला हवी होती, क्षमा असावी). तुमच्या छकुलीच्या लग्नानंतर दोन दिवसांसाठी म्हणून आणलेला तुमचा टेपरेकॉर्डर आठ महिने झाले तरी ठणठणीत आहे. त्याच्यासोबत आलेल्या मामींच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटीविषयी खाली लिहिलं आहे, ते बसून वाचावं.

बारामतीच्या साप्ताहिक 'कालवा'मध्ये माझं 'नवे सूर' हे सदर चालू आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच (नसेल तर मामींना विचारा, भजी बांधून आलेला कागद त्या वाचल्याशिवाय टाकत नाहीत). पुण्या-मुंबईची कॉलेजची पोरं पदरमोड करून रॉक आणि पंक गाण्यांच्या कॅसेटी काढतात, त्यांचं मी परीक्षण लिहितो. पंक म्हणजे तीन सूर, चार पोरं आणि समोर दिसेल त्याच्यावर राग. मी परीक्षक कडक आहे. मागच्या खेपेला एका बँडला 'गिटार बरी, गायकाला सर्दी' एवढ्यावरच सोडलं. पण संपादक मोहनरावांनी बजावलं, की महिन्याभरात वाचकाचं एक तरी पत्र आलं नाही, तर त्या जागी वांग्या-टोमॅटोचे बाजारभाव छापणार. आता अख्ख्या तालुक्यात पंक ऐकणारा मी एकटा, आणि माझं अक्षर मोहनराव ओळखतात! मामा, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून येत होतं, आणि ते वांग्यानं खायचं म्हणजे काय? माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

अशात माझा शाळेतला दोस्त अविराज, जो हल्ली पुण्यात होस्टेलवर असतो, त्यानं आपल्या 'गंजका पत्रा' या बँडची पहिली कॅसेट पाठवली. अप्पांनी (तुमच्या दाजींनी) लिंबाखाली बसून एक गाणं ऐकलं. तुम्हाला माहीतच आहे, धनगरी गजी नाचात चाळीस वर्षं ढोल वाजवलेला माणूस, गप्प कसा बसेल? म्हणाले, "ढोल सैल पडलाय. ऊन दावाय पायजे." मी म्हटलं, अप्पा, ही कॅसेट आहे, हिला कातडं नसतं. त्यांनी मान हलवली. मी काकड्या घेऊन बाजारात गेलो, तेवढ्यात त्यांनी घरातल्या तिन्ही कॅसेटी ढोलाशेजारी पत्र्यावर मांडल्या. एप्रिलचं ऊन, चार तास.

आलो तर वरच्या नावांच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या आणि दोन कॅसेटींचे पापड झालेले. तिसरी तेवढी फिरत होती, म्हणून तीच 'गंजका पत्रा' असं मी धरून चाललो (माणसानं आशावादी असावं). लावली आणि मामा, मी थक्क झालो! जाड, घोगरा, हेलकावे खाणारा आवाज, आणि मागं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात गिटारची घरघर. रात्री बसून लिहून काढलं: 'शब्द एकही कळत नाही, पण राग कुणावर आहे ते लख्ख कळतं. एका सुस्त, ऐतखाऊ सत्तेविरुद्धचा हा आक्रोश आहे. असा गायक दहा वर्षांत झाला नाही.'

गुरुवारी अंक निघाला आणि रविवारी यष्टीतून अख्खा बँड आमच्या दारात. खांद्यापर्यंत केस. शेजारच्या रंगूबाईंना वाटलं पोतराज आले, त्या सुपातून ज्वारी घेऊन आल्या. अविराज म्हणाला, "नाग्या, एवढं चांगलं आमी वाजवतच न्हाय. ऐकव बरं." मी ऐटीत बटण दाबलं. चौघंही टेपाकडं वाकले. मग गायक हळूच म्हणाला, हे आम्ही नाही. अप्पा पटका गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तुमी कसं असाल? ती आमची भागूबाई हाय, डाळजची. आन् गिटार न्हाय, जातं हाय त्ये."

मला वाटलं, विहीर जवळ करावी. पण पोरं हसून हसून गडाबडा लोळली! सात वेळा कॅसेट ऐकली. मग अप्पांचा ढोल मागून घेतला आणि धारा काढायच्या वेळेपर्यंत मामींच्या आवाजावर वाजवत राहिली. अप्पा मधोमध उभे राहून रुमाल उडवत नाचले, रंगूबाईही नाचल्या. मामा, काय सांगू, इतका आनंद मला दहावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता. जाताना चौघांनी ओट्यावर बसून मोहनरावांना चार वेगवेगळी पत्रं लिहिली. वांगी आतल्या पानावर गेली. सदर वाचलं.

मामींना नमस्कार, गाईला गोंजारणं, चूकभूल पोटात घालणं.
तुमचा,
नागेश

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. पोरांना पुढच्या कॅसेटीत मामीच हव्यात. येत्या रविवारी सकाळच्या यष्टीनं त्यांना घेऊन या. जातं इथं आहे. कॅसेट गाजली एवढंच सांगा, वाळली हे सांगू नका.

ता. क. दुसरा : अप्पांनी कान लावून त्यातली एक ओवी उलगडली, ती अशी:

दळण दळीते बाई, ऊन आलं माथ्यावरी
धनी निजला घोंगडीत, चहा मागतो आतूनी

तर मामा, परीक्षणातली ती ऐतखाऊ सत्ता म्हणजे तुम्ही निघालात. मी आपलं सरकार समजलो होतो. राग मानू नका, पोरांना मामींच्या खालोखाल तुम्हालाच बघायचं आहे. येताना घोंगडी आठवणीनं आणा, कॅसेटीच्या वेष्टनावर तुमचा निजलेला फोटो छापायचा आहे.