कुजक्या फळीवरची फळी

ता. गोंडपिपरी
बुधवार, ९ एप्रिल २०२५

चिरंजीव लोकेशले हेमराजकाकाचा आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाईस, त्यात तुझी चूक नाई. म्हणून हे पत्र तुझ्या मायच्या, कमलाबाईच्या हाती देऊन राह्यलो. ती रविवारी माजरीले येईन, तवा तुले भेटन. खाणीतलं काम कसं आहे? धुळीनं छाती भरते म्हणतात, जपत जा.

इथी मोहफूल संपत आलं. तुझ्या काकूचे गुडघे दुखतात, तरी रोज पहाटे टोपली घेऊन जाते. दामिनीची बारावीची परीक्षा झाली. आता ती म्हणते, भावाच्या, खुशालच्या जागी मीच नदीवर मासोळी धरायले जाईन. मी नाई म्हणलो. तिनं ऐकलं नाई. सहा वर्षं आंब्याखाली पालथा पडलेला आपला डोंगा तिनं चार माणसं लावून सुलटा केला. तळ कुजला होता, म्हणून तळाच्या फळ्या बदलायले मुलचेऱ्याहून लालसू सुताराले बोलावलं. डोंग्याच्या कामात त्याचा हात चांगला आहे.

सोमवारी सकाळी लालसू आला. मी जवळच बसलो होतो. पहिल्या खिळ्याले त्यानं सांडशी लावली आणि थांबला. मग नुसत्या बोटानं ओढला. खिळा अलगद वर आला. दुसराही तसाच, तिसराही. वरची फळी सागाची होती, ती साबूत होती. तिच्या खाली जुनी फळी. लालसूनं तिच्यात हात घातला तर भिजलेल्या कोंड्यासारखा चुरा मुठीत आला.

त्यानं विचारलं, "हे कोणाचं काम होय, भाऊ? कुजून पडलेल्या खड्ड्यात डांबर भरलं, वरून चांगली फळी ठोकली. म्हणजे ठोकणाऱ्याले माहीत होतं."

दामिनी माझ्याकडे पाहून राह्यली होती. मी उठलो आणि तसाच घरात गेलो.

खुशाल बुडाला त्या दिवशी तू घाटावर काय सांगतलं होतं, ते मले शब्दाशब्दानं आठवते. ओलाचिंब, थरथरत तू म्हणत होतास, "काका, तळ गेला. खुशाल जाळं ओढायले उभा झाला आन् फळी सरकून त्याचा पाय तळातून खाली गेला, अडकला." मी साऱ्या गावासमोर तुले थापड मारली. म्हणलो, तळ मी माघात नवा बसवला, तो जाऊच शकत नाई. तू पिऊन होतास, तू डोंगा हलवला, तू माझा पोरगा बुडवला. दोन दिवसांनी डोंगा खाली खडकात सापडला. तळाले भोकं होती. मी म्हणलो, खडकानं पाडली. ज्याचा पोरगा गेला त्याचं कोण ऐकणार नाई? लोकायनं माझं खरं मानलं आणि तुले गाव सोडावं लागलं.

तू दारू पेत नाईस, हे मले तवाही माहीत होतं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. आता पुढचं लिहितो. माघात ती फळी ठोकताना खुशाल माझ्याजवळ होता. त्यानं खालच्या फळीत चाकू खुपसला, तो मुठीपर्यंत गेला. म्हणला, "बाबा, हे सारं काढून टाकू. चार दिवस डोंगा बंद राहू द्या." मी म्हणलो, पाणी उतरून राह्यलं, मासोळी आता आहे, चार दिवसांनी नाई. यंदाचं वर्ष निघून जाते. त्यानं वाद केला नाई. फळी त्यानं धरली, खिळे मी ठोकले.

हे मी विसरलो नव्हतो, लोकेश. विसरलो म्हणून स्वतःले सांगत राह्यलो.

काल तुझ्या काकूले, गोकुळाले सारं सांगतलं. ती मोहफूल वाळवत होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे लोकेश खरं बोलत होता?" मी हो म्हणलो. ती तशीच उठली, तुझ्या घरी गेली. सहा वर्षांत तिनं तुझ्या मायकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. दोघी ओसरीवर बसून रडल्या म्हणे. माझ्याशी ती अजून बोलली नाई.

आज मासेमार सोसायटीच्या बैठकीत उभा होऊन साऱ्यांसमोर सांगतलं. बाहेर कमलाबाई उभी होती. म्हणली, "लिहून द्या, भाऊ. तोंडी सांगतलेलं माझा पोरगा मानणार नाई." तिचं बरोबर आहे.

तू ये म्हणायचा मले हक्क नाई. खुशालले काढायले तू तीनदा बुडी मारली होतीस, हे काठावरच्या बाया तवाच सांगत होत्या. मी त्यायले गप्प केलं. माफीचा शब्द लिहायले घेतला, पण तो या कागदावर मले शोभला नाई.

तू खरं बोलला होतास.

खुशालचा बाप,
हेमराज