बटण चालूच ठेवलंय

९ जानेवारी २०१८, मंगळवार

लाइट नाही. बेटावर वादळ येऊन गेल्याला एकशे अकरा दिवस झाले. वही आजपासून धरली, कारण ताकियोला बोलायला दम लागतो, लिहायला लागत नाही. म्हणून बोलायचं मी, लिहायचं त्याने. बावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवरा मध्ये न तोडता माझं ऐकतोय!

(ऐकतो. पण साक्षीदार म्हणून कंसात मीही थोडं लिहिणार. मोन्सेला वाचता येत नाही, त्यामुळे इथे मला धोका नाही. — ताकियो)

११ जानेवारी

खालच्या घरच्या गिल्दोकडे जनरेटर आहे. त्याची वायर रस्त्याच्या कडेने, पेरूच्या झाडाला गुंडाळून आमच्या खिडकीत आणलीय. सकाळी चार तास, संध्याकाळी चार. तेवढा वेळ ताकियोचं ऑक्सिजनचं यंत्र चालतं. बाकी वेळ हा खिडकीशी ताठ बसतो आणि कंजुषासारखा श्वास खर्च करतो. कोपऱ्यात हिरवा सिलिंडर आहे, पण तो अडीअडचणीला. भरून आणायचा तर पूल वाहून गेलाय.

जनरेटर थांबला की मी यंत्राची पिन भिंतीच्या बोर्डात खोचते आणि बटण चालूच ठेवते. वस्तीत सगळ्यांनीच एकेक बल्ब असा चालू ठेवलाय — लाइट आली की कळावं म्हणून. आमचा बल्ब म्हणजे हे यंत्र. गिल्दो म्हणाला, मावशी, सरळ बल्बच ठेवा की. म्हटलं, उजेडात काय, ह्याचंच तोंड दिसणार ना?

१२ जानेवारी

बर्फ नाही. पाणी नाही, पंपालाही लाइटच लागते. आणि ह्याला अंडं हवंय.

१६ जानेवारी

लाइटवाली पोरं आली! परदेशी, उन्हाने टोमॅटोसारखी लाल झालेली. वरच्या गल्लीने त्यांना अख्खं डुक्कर भाजून घातलं आणि दोन दिवस अडकवून ठेवलं. जी गल्ली खाऊ घालते तिथे खांब आधी उभा राहतो, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आम्हाला डुक्कर कुठलं परवडायला? आविल्दा — गिल्दोची बायको — आणि मी कच्ची केळी किसून, केळीच्या पानात बांधून चाळीस पुरचुंड्या उकडल्या. तुरीच्या दाण्यांचा भात, वर कॉफी. पोरांनी पानंसुद्धा चाटली. दांडगा एक होता, त्याने मला मिठीच मारली. ताकियो खिडकीतून बघत होता. बघू दे.

(सव्वीस होत्या. मला दोन मिळाल्या. मिठी जरा लांबलीच.)

१८ जानेवारी

आज मी सांगतेय आणि आविल्दा लिहितेय. ताकियोला डोळा लागलाय. हे पान त्याला दाखवायचं नाही.

सकाळी नऊला खालून ओरडा झाला — लाइट आली! मग घराघरांतून पातेली वाजायला लागली. मी पातेलं-डाव घेऊन धावले. जाता जाता यंत्राची पिन जनरेटरच्या वायरमधून काढली, भिंतीत खोचली, बटण चालू. केलं ना मी सगळं! गिल्दोनेही आनंदात जनरेटर बंद केला. आणि मी ह्या पायांनी रस्त्यात नाचले. सत्त्याहत्तरव्या वर्षी.

लाइट फक्त रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आली होती. तिकडचा खांब वेगळा.

परत आले तर ताकियो खुर्चीत वाकलेला. ओठ जांभळे. हाक मारायलाही त्याच्यात दम नव्हता, आणि मी बाहेर पातेलं बडवतेय. सिलिंडर लावला. किती वेळ गेला माहीत नाही. अर्धा तास तरी.

मला भीती वाटते, आविल्दा. हे मी त्याच्याकडून कसं लिहून घेऊ? त्याच्याच हाताने लिहायला सांगू, की तू जाशील म्हणून मी घाबरलेय?

(दाखवलं नाही. मीच उघडलं. दहा मिनिटं, फार तर. आणि नाचत होती ते खिडकीतून दिसत होतं. दम असता तरी हाक मारली नसती.)

२० जानेवारी

लाइटवाली पोरं दरीपलीकडच्या वस्तीत गेली. आमची बाजू यादीत आहे म्हणे. म्हटलं, यादीत तर मी वयाच्या विसाव्या वर्षापासून स्वर्गाच्याही आहे.

२२ जानेवारी

जनरेटर मेला. गिल्दो दिवसभर त्याच्याशी झटला, शिव्या घातल्या, मग त्याच्याशेजारीच बसून रडला. मीच त्याची पाठ थोपटली. सुटा भाग राजधानीहून यायला आठवडा. पलीकडच्या बाजूला लाइट आहे, पण ती घरं पायऱ्या उतरून पार खाली; तिथवर पोचेल एवढी वायर अख्ख्या वस्तीत नाही. ताकियोला तिकडे उचलून न्यायचं म्हटलं तर पायऱ्याच त्याला संपवतील.

सिलिंडर चालू ठेवलाय. ताकियोला विचारलं, काटा कुठे आहे रे? म्हणाला, "अर्ध्यावर आहे. तू कॉफी टाक."

(काटा लाल रंगात आहे.)

२३ जानेवारी

ताकियोला सांगितलं, बर्फ आणायला जाते. घाट उतरून गेले, चढून आले. बर्फ नव्हता. एवढंच. गुडघे बोलताहेत, ते लिहू नकोस.

खाली फोन लागला, पोरगा ओरलँडोतून म्हणाला, आई, तुम्ही दोघं इकडे या. विचारलं, तुझ्याकडे पेरूचं झाड आहे का? नाही म्हणाला. मग काय यायचं.

ताकियो, हळू लिही. घाई नाही.

(बर्फाला गेली आणि पिशवी न घेता गेली. विचारलं नाही. मोन्से, अक्षर वाकडं येतंय, पण तुला काय कळणार. कॉफी छान होती.)

२७ जानेवारी

आविल्दा लिहितेय.

अँब्युलन्स चोवीसला सकाळी आली, सांगितल्या वेळेला. नदीपर्यंत गाडीने, पुढे चौघे चालत, स्ट्रेचर घेऊन. ताकियो तेवढा थांबला नाही. कधी नव्हे ते ह्याने घाई केली.

मी बर्फाला गेलेच नव्हते. खालच्या रस्त्यावर फोन लागतो, तिथे अँब्युलन्सवाल्यांच्या विनवण्या करायला गेले होते. ते म्हणाले, आज नाही, उद्या सकाळी. त्याला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की मला कळलंय.

आज आविल्दाने वही पहिल्यापासून वाचून दाखवली. कंससुद्धा. वाचताना मध्येच थांबली, म्हटलं वाच. सव्वीस काय! अठ्ठावीस होत्या, दोन मी आधीच त्याच्यासाठी बाजूला काढल्या होत्या.

आणि मेल्याला वाटलं, मला काही कळत नाही. काटा लाल रंगात आहे हे बघायला अक्षरं लागतात का?

२ फेब्रुवारी

साडेदहाला लाइट आली. आमच्या बाजूला. ह्या वेळी मी पातेलं घेतलं नाही, म्हणून मला घरातलं ऐकू आलं — आधी शिट्टी, मग घरघर. रिकाम्या खुर्चीशेजारी यंत्र चालू झालं. बटण मी चालूच ठेवलं होतं.

आविल्दा विचारतेय, मावशी, बंद करू?

असू दे म्हटलं. थोडा वेळ.