दोनदा उतरलेलं विमान

मऊन, शुक्रवार

आईला केनेइल्वेचा नमस्कार,

मी धडधाकट आहे, मनगट तेवढं दुखतंय. तुझे गुडघे कसे आहेत?

काल मी मालकांचं छोटं विमान उतरवताना ते धावपट्टीवर जोरात आपटलं आणि चेंडूसारखं उसळलं. गेल्या महिन्यात अशाच वेळी एका वैमानिकाने त्याचं नाक खाली दाबलं आणि पुढचं चाक मोडून घेतलं. मी दाबलं नाही. पुन्हा वर गेले, फेरी मारून अलगद उतरले.

मागच्या सीटवर प्रवासी सेबेले आजी मांडीवर ताकाचा डबा घेऊन बसल्या होत्या. पहिल्यांदा अर्धं ताक सांडलं, दुसऱ्यांदा थेंबही नाही. भिजलेला झगा पिळत म्हणाल्या, "जमिनीच्या फाटकाशी आधी आपटून 'कोको, येऊ का?' अशी हाक दिलीस, मगच आत आलीस. आईने वळण चांगलं लावलंय."

तुझीच,
केनेइल्वे