न आखूड, को लांब

ता. १० जून १९४८, गुरुवार. दिवेलागणीनंतर.

आजपासून रोज चार ओळी लिहायचं ठरवलं. बन्सीच्या बापाने मला अक्षरं शिकवली ती वाया जाऊ नयेत. हे कुणी वाचायचं न्हाई. कुणी वाचलंच तर त्याने आधी स्वतःच्या घरात बघावं.

हकीकत अशी. बन्सीधर माझा लेक, पूर्णा स्टेशनावर तारबाबू. बापही तारबाबूच होता. पण बापाला निदान तार लागायची, याला तीही लागत न्हाई. याला बिनतारीचा नाद. मधी हैदराबादेहून हुकूम निघाला, घरातले वायरलेस सेट कचेरीत जमा करा. याने मोठा सेट नेऊन दिला आणि लहाना, शेवयांच्या डब्यात मावणारा, घरी ठेवला. कुणीतरी पोलिसांत जाऊन इत्तिला दिली. पकडायला यायच्या आत हा पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेला, व्यंकटराव मास्तरांकडं. त्या मास्तरांनाही हाच रोग. आता सरहदीच्या अलीकडं पाय टाकला की हवालात. तवा त्याने यायचं न्हाई. हे मी ठरवलंय.

जाताना मला खुणा शिकवून गेला. दर गुरुवारी दिवे लागले की मी डब्यातल्या सेटचा खटका दाबायचा, तो तिकडं कानाला यंत्र लावून बसणार. 'न' म्हणजे नको येऊ. आधी लांब दाबायचं, मग आखूड. 'आ' म्हणजे उर्दूतला आ, ये. त्याच्या उलट, आधी आखूड, मग लांब. त्याचा जबाब मला ऐकू यायचा न्हाई, कारण ऐकायचं यंत्र तो घेऊन गेला. आज पहिला गुरुवार. दाबलं. यात शिकण्यासारखं काही न्हाई.

सुनेला ताकीद दिलीय, डब्याला हात लावायचा न्हाई. कस्तुरा मऊ बाई हाय. नवऱ्याच्या आठवणीनं 'आ' दाबून बसंल. माझं तसं न्हाई.

ता. ११ जून, सकाळी.

काल खटक्यापाशी लांब आधी का आखूड आधी, यात जरा गडबड झाली. वयामुळं न्हाई, कस्तुरा भांडी आपटायली होती. रातभर विचार करून कायमचा इलाज काढला. तोंडाने 'नको' म्हणायचं आणि म्हणतानाच बोट दाबायचं. न आखूड, को लांब. नको, नको, नको. आता झोपेतसुद्धा चुकायचं न्हाई. बन्सी एवढा शिकला, त्याला हे सुचलं न्हाई.

ता. १७ जून, गुरुवार.

रोज लिहायचं राहिलं. घरात कामं असतात.

नको पाठवलं. नीट गेलं.

सेट म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढा दिवा आणि एक बॅटरी. बन्सी म्हणायचा, माय, कमी ताकदीत लांब पोचायचं यातच मजा हाय. मी म्हणलं, तुझ्या घरात अर्ध्या भाकरीवर दिवसभर राबणारी बाई हाय, तिची मजा तुला कधी वाटली न्हाई. एकदा याला सिलोनहून कुणा गोऱ्याचं कार्ड आलं. स्टेशनभर पेढे वाटले. मी विचारलं, काय लिहिलंय? तर, तुमचा आवाज ऐकला, लय बारीक हाय. एवढं सांगायला त्या गोऱ्याने टपाल घातलं आणि एवढं ऐकायला याने पेढे वाटले.

पण आता त्या बारीकपणाचा फायदा कळायलाय. मोठा सेट असता तर हैदराबादेत ऐकू गेला असता आणि सगळं घर आत गेलं असतं. हा इतका हळू बोलतो की कुणालाच ऐकू जात न्हाई. फक्त बन्सीला जातं.

सेटची तार दारापासून अंगणातल्या लिंबापर्यंत बांधलीय. मी तिच्यावर लुगडी वाळत घालते, म्हणजे कुणाला संशय न्हाई. ही माझी अक्कल. कस्तुरा म्हणाली, आत्याबाई, तारेवर ओली कापडं असली तर आवाज जात न्हाई, असं हे म्हणायचे. मी म्हणलं, 'हे' इथं न्हाईत.

ता. ३० जून.

ठरलं. कस्तुराला उद्यापासून टोचून बोलायचं न्हाई.

दुपारी जमादार आला तलाशीला. दोन शिपाई संगं. बाहेर धो धो पाऊस. उतरंड उपसली, गाद्या उलट्या केल्या, सिलोनचं कार्ड घेतलं. शेवयांच्या डब्याला टेकूनच बसला होता. मी म्हणलं, त्यात शेवया हायत, उघडल्या तर सादळतील. उघडला न्हाई. पाऊस थांबल्यावर याचा कोट भिजलेला. म्हणाला, बडी बी, वाळत कुठं घालू? मी तार दाखवली. तासभर कोट तारेवर लोंबत होता. सरकारचा कोट आमच्या वायरलेसवर वाळला.

जाताना विचारलं, लेक कुठाय. मी म्हणलं, माझ्यापुरता मेला. खरं वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. तो गेल्यावर डोळ्याला पाणी आलं, ते चुलीतल्या ओल्या लाकडामुळं.

ता. ८ जुलै, गुरुवार.

कस्तुराला टोचून बोलले. इलाज नव्हता.

मी खटका दाबायले होते आणि ही दारात उभी. म्हणाली, आत्याबाई, यांचा 'न' असा नव्हता. आणि बोटाने चौकटीवर वाजवून दाखवलं, टाऽक-टक. मी म्हणलं, तुला एवढा ठेका कळतो, तर भाकरी थापताना कुठं जातो? चुलीकडं निघून गेली. वाईट वाटलं न्हाई. जरा वाटलं, पण ते तिच्या भाकरीबद्दल.

टाऽक-टक म्हणं. 'नको' कधी असा असतो का? मग 'कोन' झाला की.

ता. १५ जुलै, गुरुवार.

नको पाठवलं. आता हात लय बसलाय.

आश्रुबा येऊन गेला. हा स्टेशनावर रुळांचे सांधे बदलतो, बन्सीचा जुना माणूस, सेटचं त्याला ठाऊक हाय. त्याने विचारलं, मावशी, तुमचं तिकडं पोचतंय हे कशावरून? मी म्हणलं, तो आला का? न्हाई. म्हणजे पोचतंय. न येणं हाच त्याचा जबाब. आश्रुबा डोकं खाजवत गेला. सांधे बदलणाऱ्याला एवढंही कळू नये.

ता. २९ जुलै, गुरुवार.

नको पाठवलं. दिवा जरा मंद वाटायलाय. बॅटरी जपून वापरायची, ठरलं.

भाकरी एक जास्त झाली. पिठाचा अंदाज चुकला.

ता. ३१ जुलै.

भाकरी एक जास्त.

ता. ५ ऑगस्ट, गुरुवार.

नको पाठवलं. गावात उलटसुलट बातम्या. कुणी म्हणतं सरहदीपलीकडून लष्कर येणार, कुणी म्हणतं येणार न्हाई. शेजारची मंडळी बोचकी बांधून नांदेडला गेली आणि चार दिवसांनी त्याच बोचक्यांसंगं परत आली. मी कुठं जायची न्हाई. गुरुवारी मी इथं पाहिजे.

भाकरीचं लिहायचं सोडलं. पीठच खराब हाय.

ता. ११ ऑगस्ट, बुधवार.

नातीला, धुरपीला ताप. चार वर्षांची पोर, सणकून ताप, बापाचं नाव घ्यायलीय. वैद्याने काढा दिलाय, तोंडात थांबत न्हाई.

कस्तुरा पाया पडली. म्हणाली, आत्याबाई, एकदाच 'आ' म्हणा. पोरीला बघून जातील. मी म्हणलं, पोरीला बघून तो कुठं जाईल ते ठाऊक हाय का? सरळ हवालातीत. मग पोरीला बापही न्हाई आणि तुला नवराही न्हाई. ती म्हणाली, तुमचं काळीज दगडाचं हाय. मी म्हणलं, दगडाचं हाय म्हणून घर उभं हाय.

डबा माझ्या उशाशी घेतलाय. मऊ बाईचा भरवसा न्हाई.

ता. १२ ऑगस्ट, गुरुवार. सांजच्याला.

ताप उतरंना. सकाळपासून एकच भीती. हिंगोलीकडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून त्याला पोरीचं कळलं तर? निघाल्याशिवाय राहायचा न्हाई. तवा आजचं नको मोठं पाहिजे, ठासून पाहिजे.

सगळं नीट केलं. तारेवरची लुगडी काढली. आश्रुबाला लिंबावर चढवून तार पार शेंड्याला ताणून बांधली. तो म्हणाला, मावशी, आता कुठं तार सुरेख बसली, बाबू अशीच बांधायचे. पाऊसही थांबला, आभाळ धुतल्यासारखं. खटक्यापाशी बसले. एरवी दहाबारा वेळा दाबते, आज मोजलं न्हाई. नको, नको, नको. आतून धुरपी कण्हायली होती, तिचं कण्हणं ऐकू आलं की मी आणखी जोरात दाबायची. बोट दुखून आलं. खटका कडक हाय. शेवटी दिवा लाल होत होत विझला. बॅटरी संपली.

संपू दे. सांगायचं ते सांगून झालं.

ता. १४ ऑगस्ट, शनिवार.

धुरपीचा ताप पहाटं उतरला. उठून गूळ मागितला. कस्तुराला म्हणलं, बघ, बोलवायची गरज होती का? तिने पोरीच्या हातावर गूळ ठेवला.

माझ्या अकलेवर हे घर चाललंय. लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी म्हणायचं न्हाई.

ता. १८ ऑगस्ट, बुधवार.

बन्सीला धरला.

दुपारी आश्रुबा धावत आला आणि दारातच खाली बसला. हिंगोलीच्या गाडीतून उतरला म्हणं. दाढी वाढवलेली, डोईला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पक्का कुणबी दिसायला. फाटकातून बाहेर पडणार एवढ्यात एका हमालाने सवयीनं हात उचलून सलाम केला, सलाम तारबाबू. आणि यानेही सवयीनं सलाम घेतला. जमादार तिथंच उभा. अंगात तोच कोट.

माझा आधी विश्वासच बसंना. मी सांगितलं होतं नको. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, सगळा पावसाळा सांगितलं. शेवटच्या खेपेला तर बॅटरी संपेपर्यंत सांगितलं. आईचं न ऐकणारी लेकरं बघितलीत, पण इतक्या लांबून न ऐकणारं हे पहिलंच.

कस्तुरा रडली न्हाई. माझ्याकडं बघत बसली. तिचं बघणं मला आवडलं न्हाई.

ता. २२ ऑगस्ट, रविवार.

पूर्णेच्या हवालातीत भेटून आले. उद्या त्याला परभणीच्या जेलात नेणार. जमादाराने भेटू दिलं, कोट वाळवल्याची आठवण ठेवली म्हणायची. आमाला गजापाशी सोडून तो पलीकडं बिडी ओढायला गेला.

बन्सी वाळलाय. आधी विचारलं, धुरपी? मी म्हणलं, गूळ खायलीय. तो गज धरून खाली बसला.

मग मी त्याला फैलावर घेतला. म्हणलं, मी नको म्हणते आणि तू येतो कसा? तो हळू बोलायला लागला. म्हणाला, इतके गुरुवार कानाला यंत्र लावून बसलो, नुसती पावसाची खरखर. तुझा आवाज एकदाही आला न्हाई. वाटलं, बॅटरी गेली, न्हाईतर माय गेली. मग त्या गुरुवारी आला. लय बारीक, पण तुझाच. 'आ, आ, आ', थांबायलाच तयार न्हाई. मास्तरांनी हात धरला, मी म्हणलं, माझी माय उगाच बोलवायची न्हाई. घरात कुणीतरी गेलं. तसाच निघालो.

मी म्हणलं, मी 'आ' म्हणलंच न्हाई. नको म्हणत होते. आणि गजावर बोट मारून दाखवलं, न आखूड, को लांब.

तो माझ्या बोटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, हा 'आ' हाय, माय.

मी म्हणलं, मग नको कसा असतो?

त्याने गजावर वाजवलं, टाऽक-टक. कस्तुरानं वाजवलं होतं तसंच. म्हणाला, ध्यानात राहत नसलं तर तोंडाने 'माय' म्हणायचं. मा लांब, य आखूड. एवढं म्हणाला आणि हसायला लागला. हवालातीत बसून हसायला लागला, डोळे पुसत पुसत. जमादार बिडी टाकून बघायला आला.

भाकरी दिली. रोज एक जास्त होत होती ती. पिठाचा अंदाज आज बरोबर आला.

कस्तुराला यातलं अक्षर सांगायचं न्हाई, ठरलं. घरी आले तर तिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणलं, तुझी चौकट बरोबर होती. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. तिने ताट वाढलं.

तवापासून मनात घोळवायले. माझं फार चुकलंय असं वाटत न्हाई. मी नको म्हणलं तर हा आला. माय म्हणलं असतं तर आला नसता. यात वायरलेसचा दोष न्हाई, लहानपणापासून असाच हाय.