पोर्ट बसवायच्या आधी

पुणे,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस रुद्राणीचा शि. सा. न.

काल काय झालं ते आधी लिहिते. तुझा लेक शंभू आणि वॉर्डातल्या सिस्टर, दोघांना वेगवेगळं विचारून जुळवलं आहे.

१. सोमवारी रात्री साडेआठला तू जेवलीस. त्यानंतर पाणी घेतलं नाहीस.
२. मंगळवारी सहाला झरीहून परभणीला निघालात. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली नव्हती, म्हणून चहा नाही, पाणी नाही.
३. सिस्टरनी खाऊन-पिऊन आलात का असं विचारलं. तू 'हो' अशी मान हलवलीस.
४. दहाला सुई लावायला घेतली. नस सापडेना. दोनदा टोचून सुई काढली. तिसऱ्यांदा मनगटापाशी लागली.
५. सलाईन सुरू झाल्यावर मनगट जळायला लागलं. वीस मिनिटं तू कोणाला सांगितलं नाहीस.
६. हात सुजलेला सिस्टरना दिसला. सुई काढली. केमो झाली नाही. पुढची तारीख मंगळवार, ११.

चूक कोणाची ते मी लिहिलेलं नाही. पहिल्या केमोला दुपारची वेळ होती, तू पूजा आणि जेवण उरकून गेलीस आणि सगळं नीट झालं. मग या वेळी वेगळं काय झालं एवढंच शोधत होते. वेगळं होतं ते पाणी. साडेतेरा तास कोरडं राहिल्यावर नसा दबून जातात.

हे फोनवर बोलले असते. पण शंभूच्या फोनवर तू 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस. आपला फोन दुकानात असतो, अप्पा तो स्पीकरवर लावतात, आणि तुझ्या छातीतल्या गाठीबद्दल मला तूरडाळीच्या गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नाही.

पूजेआधी थेंबही घ्यायचा नाही हा तुझा नेम मोड असं मी म्हणत नाही. चारला ऊठ, पूजा कर, मग निघेपर्यंत चार पेले पाणी पी आणि हलकं काही खा. बाही सैल असलेलं पोलकं घाल. शंभू म्हणतो तू सकाळी कसलंसं चूर्ण घेतेस. ती डबी डॉक्टरांना दाखव; त्या हो म्हणेपर्यंत ते बंद.

मी सलाईनचे पंप दुरुस्त करते. नळीत कुठे अडलं की पंप वाजतो. तू वाजत नाहीस, तेव्हा जळलं, टोचलं, ताणलं की त्याच क्षणी हाक मारायची. काल नुसतं सलाईन होतं म्हणून सुजेवर भागलं. तुझं लाल औषध नसेबाहेर गेलं तर आतलं मांस खराब होतं. आणि घरी आल्यावर ताप शंभर पॉइंट चार झाला, तर गोळी घेऊन वाट बघायची नाही. कार्डावरच्या नंबरवर तेव्हाच फोन करायचा, कितीही वाजलेले असोत.

लोभ आहे तितका पुरे. पाणी मात्र वाढव.

तुझी,
रुद्राणी

—

झरी,
बुधवार, १२ नोव्हेंबर

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. रुद्राणीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र शनिवारीच भेटलं. असलं पत्र कोर्टातून येतंय बाई. सहा कलमं लावलीस आईवर. शंभूला वाचून दाखिवलं तर त्यो पोट धरून हसायला. पन कलमं खरी हायत.

आता ऐक. काल चारला उठले, न्हाले, पूजा केली, चार सांगितलेस तर पाच पेले पाणी पेले. परभनीपतूर शंभूला दोनदा गाडी थांबवायला लावली, त्यो लय कावला. सिस्टरला मातर एका टोचनीत नस घावली. केमो पुरी झाली. चूर्नाची डबी डॉक्टरीनबाईनं बघितली आन् ठेवूनच घेतली.

आन् खरी गोष्ट फुडंच हाय. सुई लावायच्या आधी बाईनं गाठ मोजली. आधी सव्वाचार व्हती, आता तीन. मी म्हनलं, परत मोजा. परत तीनच. रुद्रे, मला तिथंच उठून फुगडी घालावी वाटायली. शेजारच्या खुर्चीवर पेडगावच्या सरजाबाई व्हत्या, रिटायर मास्तरीन. त्यांची पहिलीच येळ. तोंड एवढंसं करून बसल्या व्हत्या. माजी गाठ उतरली म्हनून त्याच टाळ्या वाजवायल्या. तुजं पत्र त्यांनी मागून घेतलं आन् वहीत उतरवलं. म्हनल्या, पोरांनी गप बसावं म्हनून मी तीस वर्सं छडी आपटली, आता म्हातारपनी बोलायचं शिकायलेय.

केस गळायलेत. सरजाबाईनं एक हिरवा स्कार्फ दिला. त्यो बांधून घरी आले तर तुजे अप्पा म्हनले, लग्नात बी इतकी देखनी न्हवतीस. जीभ लय सुटलीया त्यांची.

पन एक हाय. डॉक्टरीनबाई म्हनली, हाताच्या नसा आता दमल्या. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक लहानशी डबी बसवायची, पोर्ट म्हनत्यात. फुडची सगळी केमो त्यातूनच. एक डिसेंबरची तारीख देत व्हती. मी न्हाई म्हनून आले. आपरेशनच्या खोलीत गळ्यातलं सगळं काढावं लागतंय म्हनं. माजी लिंगदीक्षा आठव्या वर्सी झाली. तवापास्न लिंग एक घटकाबी अंगावेगळं केलं न्हाई, तुमा दोघांच्या येळंला बी न्हाई. ह्याच्यावर तू कलमं लावू नगंस.

जेवत जा. आईची माया दूर न्हाई, मधी नुसता रस्ता हाय.

तुजी आई,
सिद्धम्मा

—

पुणे,
शनिवार, १५ नोव्हेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न.

सव्वाचारचे तीन. पत्र मी वर्कशॉपमध्ये उभ्यानेच वाचलं. काल तीन पंप तपासायचे होते, मी सात तपासले. गाठ चेंडूसारखी गोल धरली तर तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेला. हिशोब तीनदा करून बघितला. एवढं अप्पांनी स्पीकरवर सांगितलं तरी माझी हरकत नाही. सरजाबाईंना नमस्कार सांग, आणि त्यांच्या वहीत हेही लिहायला सांग: केमोनंतर दोन दिवस औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून संडासात दुप्पट पाणी टाकायचं, आणि तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायच्या.

आता पोर्ट. नको म्हणालीस तर काय होईल ते सरळ लिहिते. अजून सहा केमो आहेत. गाठ डावीकडे आहे, म्हणून डाव्या हाताला सुई लावत नाहीत. उजव्या हाताच्या नसा आणखी दोन वेळा पुरतील असं डॉक्टर म्हणतात. पुढे नस मिळाली नाही तर केमो अडेल, आणि उरलेले तीन सेंटिमीटर आपल्यासाठी थांबणार नाहीत.

मी डॉक्टरांशी चोवीस मिनिटं बोलले. पोर्ट उजवीकडे बसेल. भूल तेवढ्या जागेपुरती, तू जागी असशील. वेळ पाऊण तास. रक्त थांबवायला त्या विजेचं उपकरण वापरतात, म्हणून अंगावर धातू चालत नाही. लिंगाची चांदीची डबी काढावीच लागेल. पण लिंग दगडाचं आहे. ते स्वच्छ करून, त्यांनी दिलेल्या निर्जंतुक कापडात गुंडाळून डाव्या मुठीत धरलं तर त्यांची हरकत नाही.

पूजेला तू लिंग डाव्या तळहातावरच घेतेस. तेव्हा ते अंगावेगळं झालं असं आपण म्हणत नाही. मग मुठीत असेल तर म्हणायचं का? हे कलम नाही, प्रश्न आहे. मठातले विरूपाक्ष स्वामी येतील तेव्हा त्यांना विचार.

तुझ्या मायेचा आणि उत्तराचा, दोन्हींचा भरवसा धरून आहे.

तुझी,
रुद्राणी

—

झरी,
गुरुवार, २० नोव्हेंबर

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

विरूपाक्ष स्वामी काल आले. तुजं पत्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हनले, तळहात तर लिंगाची पूजेची जागा, तिथं अंगावेगळं कसं हुईल. वर म्हनले, ही पोरगी मठात पायजे व्हती. मी म्हनलं, राहू द्या, मशीनपाशीच बरी हाय.

तवा पोर्टला माजं हो. सरजाबाईंना शंभूच्या फोनवरनं कळवलं, त्या म्हनायल्या मी बी बसवून घेते, दोघी जोडीनं मिरवू.

पन माजी एक अट हाय. पाऊन तास मूठ धरून हाताला कळ लागली आन् बोटं सुटली, तर लिंग भुईला टेकू न्हाई. कुनीतरी माज्या डाव्या अंगाला उभं राहून मुठीखाली हात धरायचा, आन् त्यो हात गळ्यात लिंग घालनाऱ्याचाच पायजे. शंभूला रक्त दिसलं की घेरी येती. त्या दिवशी सिस्टर माजी नस शोधायली आन् ह्यो खुर्ची धरून पांढरा पडला व्हता. तुज्या अप्पांचे हात थरथरत्यात. तुजा हात लहानपनापास्न थिर हाय. तू आलीस तर हो. न्हाईतर माजं न्हाईच.

येताना अप्पांना बाकरवडी आन. आल्यावर पोटभर बोलू.

तुजी आई

—

पुणे,
रविवार, २३ नोव्हेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न.

रजा मिळाली. रविवारी, ३० तारखेला दुपारी झरीत पोचते. डॉक्टरांनीही परवानगी दिली: गाऊन, टोपी, मास्क घालून मी तुझ्या डाव्या बाजूला उभी राहू शकते. बॅग आजच भरून दाराशी ठेवली आहे, जायला अजून सात दिवस असताना. असं मी कधी करत नाही.

पोर्टच्या दिवशी, सोमवारी १ तारखेला, केमोच्या उलट असतं. त्या दिवशी पोट रिकामं लागतं. खाणं किती वाजता थांबवायचं आणि पाणी कधीपर्यंत चालेल ते डॉक्टरांनी शंभूला लिहून दिलं आहे. त्यात आपल्या मनाने बदल करायचा नाही. केमो दुसऱ्या दिवशी, तीही मी थांबून बघणार आहे. तुझ्या खुर्चीपाशी कोणता पंप आहे ते मला केव्हापासून बघायचं आहे.

आता एक गोष्ट तुला आधी माहीत असायला हवी. तुला मी डॉक्टरांपासून चूर्णही लपवू नकोस असं सांगितलं, तेव्हा ही लपवून मी त्या खोलीत उभी राहणार नाही.

मी लिंग घालत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, यंत्रात दोरा अडकू नये म्हणून प्रयोगशाळेत काढलं, आणि मग घालायचं राहिलं. त्याला आठ वर्षं झाली. ते इथे कपाटात, त्याच्या डबीत, नीट आहे. झरीला येताना घालते, परत आल्यावर काढून ठेवते. हे श्रद्धा गेल्यामुळे झालं की आळसामुळे, ते मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून कोणतंच कारण देत नाही. रविवारी ते घालून आले असते तर तुला कळलंही नसतं. पण लिंग कोणाच्या हातावर सोपवायचं हे तू ठरवणार आहेस, आणि ते पूर्ण माहिती असताना ठरवावंस.

हात स्थिर आहे. त्यात बदल नाही.

माझा हात नको असेल तर राग मानणार नाही. तुला चालेल असा दुसरा कोणी शोधायला मला दोन दिवस लागतील. तुझं पोर्टला दिलेलं 'हो' मात्र माझ्यामुळे मागे घेऊ नकोस.

तुझं पत्र आता वेळेत पोचणार नाही. शंभूच्या फोनवरून तू स्वतः बोल, दुकानाबाहेर येऊन. माझा हात चालेल की नाही, एवढंच शुक्रवार, २८ तारखेपर्यंत कळव.

तुझी,
रुद्राणी