केतकीचं पान, ताईचा चहा

८ जानेवारी
शाळा सुटल्यावर परस्पर नंदाखालला, ताईकडे. दुसरी केमो होऊन आठवडा झाला. केस गेलेत, तोंडाला चव नाही, तरी ओटीवर बसून केळफूल सोलत होती. हाताला तेल लावायचं विसरली, बोटं काळी. बाजूला पेलाभर हिरवा चहा, ग्रीन टी. दिवसभर तेच पिते म्हणे. "माझी लेक ह्याच पानावर पीएचडी करतेय. मग मी नको प्यायला?" भाऊजी नुसते हसले.

१३ जानेवारी
केतकीचा फोन, मुंबईहून. म्हटलं, त्या चहाचं नक्की काय करतेस ते भूगोल शिकवणाऱ्या मावशीला कळेल असं सांग. ती सांगत गेली, कपडे वाळत घालायचे राहिले. पेशीत काही जनुकं राखणदार असतात. पेशी बेसुमार वाढायला लागली की अडवतात. कॅन्सरमध्ये पुष्कळदा ती मोडलेली नसतातच, त्यांच्यावर रासायनिक खुणा चिकटवून गप्प केलेली असतात. हिरव्या चहातलं एक द्रव्य ह्या खुणा चिकटवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, असं दिसतं.
"मग जनुक पुन्हा बोलायला लागतं, मावशी. निदान प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींत तरी."
एवढंसं पान, आणि त्याची पोच कुठवर. पोरगी सांगते पण किती छान.

२१ जानेवारी
भाऊजींचा सकाळीच फोन. ताई तिसऱ्या केमोला नाही म्हणते. "तू ये, माझं ऐकत नाही." शेजारणीने मोबाइलवर काहीतरी पाठवलंय, चहाच्या अर्काच्या गोळ्यांनी गाठ विरते म्हणून. गोळ्या मागवल्यासुद्धा. बाटली अजून उघडलेली नाही, एवढं नशीब. मी बोलायला गेले तर म्हणाली, "मग तुझी भाची काय खोटं शिकते?" केमोनंतरचे तिचे चार दिवस मी पाहिलेत. नको म्हणते ते उगाच नाही.
केतकीला कळवलं.

२३ जानेवारी
केतकी आली. हातपाय धुऊन आईजवळ बसली. गोळ्यांची बाटली पाहिली, उचलून आपल्या पिशवीत टाकली. अशा दाट अर्काने काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता मुळीच नको, म्हणाली.
ताई चिडली. "तुझंच काम, आणि तूच नको म्हणतेस?"
"आई, मी पेशींवर जेवढं ओतते तेवढं चहा पिऊन रक्तात पोचतच नाही."
मग म्हणाली, "आणि माझंही एक चुकत होतं."
दिवाळीच्या आसपास तिचा प्रयोग फार सुरेख आला होता. सगळे खूश. हिलाच शंका. पेशी ज्या द्रवात ठेवतात त्यात चहाचं द्रव्य हवेने बिघडतं, केळफुलाने बोटं काळी होतात त्यातलाच प्रकार. आणि बिघडताना पेरॉक्साइड तयार होतं, तेही पेशींवर परिणाम करतं. मग परिणाम नक्की कोणाचा, पानाचा की पेरॉक्साइडचा? तिने पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम घालून सगळं पहिल्यापासून केलं. निम्म्याहून जास्त परिणाम गायब. स्वतःच गाइडना जाऊन सांगितलं.
"मग राहिलं काय?" ताई.
"थोडं राहिलं. ते खरं वाटतंय. त्याच्यावर मी माझी वर्षं घालवीन, आई. पण त्याच्या भरवशावर तुला नाही सोडणार."
वाडीत पाणी लावलेलं, तेवढाच आवाज. मग ताई भाऊजींना म्हणाली, "उद्याची गाडी सांगून ठेवा."
आपलंच यश आपण तपासून निम्मं करायचं, आणि आजारी आईसमोर बसून ते सांगायचं.

२४ जानेवारी
केमो झाली. डॉक्टरांना ताईनेच चहाचं विचारलं. साधा चहा एखादा कप चालेल, गोळ्या नकोत. परतताना उलट्या. वाटेत दोनदा गाडी थांबवली. घरी आल्यावर माझा हात धरून झोपली.

२२ फेब्रु.
केमो आणखी एक पार पडली. आज ताई बरी. केतकी आलेली. ताईने भाजी निवडता निवडता विचारलं, "माझ्यासारख्या गाठीच्या पेशी आहेत का गं तुझ्याकडे?"
"आहेत."
"मग? बोललं ते जनुक?"
मला वाटलं, आता तरी गोड बोलेल. नाही बोलली. "दुसऱ्या पेशींत थोडं बोलतं. तुझ्यासारख्यांत अजून नाही."
ताईने मान हलवली. "मग का बोलत नाही ते शोध."
केतकीचे डोळे भरून आले. मी चहा टाकायला आत गेले. आपला साधा, दुधाचा.

६ मार्च
विरारला स्कॅन. रिपोर्ट सोमवारी. भाऊजी आल्यापासून वाडीतच आहेत, घरात येत नाहीत. संध्याकाळी केतकीचा फोन, ताईने स्पीकरवर ठेवला. पेशींची नवी खेप आजच लावली म्हणे, ताईच्या प्रकारच्या. रिपोर्टचा विषय दोघींनीही काढला नाही.
"कळणार कधी?" ताईने विचारलं.
"काही वेळा कळतच नाही, आई. मग पुन्हा करायचं."
"कर," ताई म्हणाली. "मीपण करतेच आहे."