सयामला जाण्याआधी शिकायचं एक वाक्य

भिलाई, सेक्टर पाच
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९६६

तीर्थस्वरूप पंजाबराव साडभाऊ यांच्या पायांशी शेषरावचा नमस्कार पोचावा. भागाबाईंनाही नमस्कार. इकडे आम्ही देवाच्या दयेनं बरे आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की पायऱ्या चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला, पण उतरायच्या आधी चढावंच लागतं, यापुढे माझा विचार गेला नाही. भागाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालणं चालू असेलच. ठकूबाई रोज या थोरल्या बहिणीची आठवण काढते, आणि आठवण काढली की माझ्यावर चिडते. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

आता पत्राचं कारण लिहितो. साडभाऊ, मला सयामला पाठवून राहिले आहेत. (हल्ली त्याला थायलंड म्हणतात, पण तुम्ही लढाई संपल्यावर पलटणीबरोबर तिथं होता तेव्हाचं नाव तुमच्या ओळखीचं, म्हणून तेच लिहितो.) बँकॉक शहरात आशिया खंडातल्या देशांचा व्यापारी मेळा भरणार आहे. त्यात आपल्या देशाच्या मांडवात ठेवण्यासाठी भिलाईच्या कारखान्याचा लाकडी नमुना मागवला आहे. तो मी बनवला. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये एरवी ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनतात, पण या वेळी सबंध कारखानाच बनवायला सांगितला. धमनभट्ट्या, धुराडी, रुळांवरच्या वाघिणी, सगळं सागवानाचं. आठ पेट्यांत मावतो. तिथं पेट्या उघडून तो जोडायचा, मेळा संपला की सोडवून परत आणायचा. पेट्या जाणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पेट्यांबरोबर मी जाणार, हे फोटोवाला मला भिंतीपुढं उभं करून हनुवटी वर करायला लावून राहिला होता तेव्हा कळलं.

तुम्ही विचाराल, आधी कावून कळलं नाही? झालं असं की आमचे अरुणकुमार साहेब (वयानं तरुण, स्वभावानं चांगले, पण बोलणं वरच्या गियरमध्ये) यांनी मला खोलीत बोलावून अर्धं इंग्रजीत अर्धं हिंदीत काही सांगितलं. ते बोलले तितका वेळ मी मान डोलावली. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मला वाटलं, नमुना पसंत पडला. बाहेर येऊन मी देवाचे आभारसुद्धा मानले.

दिवाळीआधी निघायचं आहे. कलकत्त्याहून विमान. तेव्हापासून रात्री झोप नाही आणि दिवसा रंधा सरळ चालत नाही. मोठा प्रश्न असा की परदेशी जाणाऱ्या माणसानं तिथली भाषा थोडीफार शिकून जावं की नाही? आपल्या नात्यात सयाम पाहिलेला माणूस तुम्ही एकटेच. शैलाच्या लग्नात पंगत उठल्यावर तुम्ही तिथल्या भाषेतलं एक लांब वाक्य म्हणून दाखवलं होतं आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या होत्या. (ते बरोबर की चूक हे सांगणारा मांडवात कोणी नव्हता, असं ठकूबाई तेव्हा म्हणाली. ते मी मनावर घेतलं नाही.) म्हणून तुमचं मत पाहिजे.

इथं मतं पुष्कळ मिळाली. शेजारचा तेजराम क्रेन चालवतो. त्याचं म्हणणं, भाषा शिकणं म्हणजे वेळेची नासाडी. खाली उभा असलेला माणूस बंगाली असो, मद्राशी असो की रशियन असो, त्यानं मूठ वळवून अंगठा वर केला की माल वर जातो आणि तळहात आडवा केला की थांबतो. नऊ वर्षांत त्याच्या क्रेनखाली कोणाचं बोटसुद्धा चेपलं नाही, मग बँकॉकमध्ये वेगळं काय होणार? मी म्हटलं, बाबा, मला वरण मागायचं असलं तर अंगठा कोणत्या बाजूला करू? तो म्हणाला, तोंडाकडं कर. पण तोंडाकडं अंगठा केला की माणूस पाणी देतो, किंवा भलतंच काही. आणि मी तर मासळी-मटण शिवत नाही. तिकडं, म्हणतात, भाजीतसुद्धा मासळीचं पाणी घालतात. “नको” हे तेजरामच्या खुणेनं दाखवायचं तर तळहात आडवा करावा लागेल, आणि वाढणाऱ्याला वाटेल, हा हातावर मागून राहिला आहे.

म्हणून एकदा ठरवलं की शिकायचंच. पण थोडी भाषा शिकण्याची मला मनापासून भीती वाटते. त्याला कारण बेल्का. ही हकीकत तुम्हाला अर्धीच माहीत आहे, कारण तेव्हा भागाबाईंना काळजी नको म्हणून ठकूबाईनं फक्त “घरी पाहुनी हाय” एवढंच लिहवलं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या शॉपमध्ये निकोलाय नावाचे रशियन तज्ज्ञ होते. आम्ही त्यांना निकोलाजी म्हणत असू. त्या वेळी प्लांटात संध्याकाळी रशियन भाषेचा वर्ग भरायचा, त्याला मी चार दिवस गेलो. चार दिवसांत दोन वाक्यं आली: एक नमस्काराचं आणि एक “कसं काय चाललंय” असं विचारण्याचं. लहानपणी गुरुजींनी पाढे आणि श्लोक घोटून घेतले असल्यामुळं माझा उच्चार म्हणे फार शुद्ध निघाला. झालं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी निकोलाजींना ती दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. ते माझ्याकडं पाहतच राहिले. मग फळीवर माझ्या शेजारी बसले आणि कसं काय चाललंय ते त्यांनी सुट्टी संपेपर्यंत सांगितलं. मधे त्यांचे डोळे भरून आले. अशा वेळी “मला दोनच वाक्यं येतात” असं कोणत्या तोंडानं सांगावं? (आणि तिसरं वाक्य येतच नव्हतं, तर सांगावं तरी कसं?) मी मान डोलावत राहिलो. त्यांनी काहीतरी विचारलं, तेव्हा जरा जास्त डोलावली.

रविवारी ते बायकोला घेऊन आमच्या क्वार्टरच्या दारात हजर. सोबत एक घोंगडी, एक ॲल्युमिनियमचं भांडं आणि वासराएवढी अल्सेशियन कुत्री. निकोलाजींच्या बाईंनी आधी कुत्रीचा मुका घेतला, मग ठकूबाईचा घेतला, आणि दोघं दोन महिन्यांच्या रजेवर आपल्या देशाला निघून गेली.

ठकूबाई गाल पुसत माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, पाहुणी आहे.

कुत्रीचं नाव बेल्का. जन्म रांचीचा, पण पिल्लू असल्यापासून रशियन घरात वाढलेली, त्यामुळं हुकूम कळायचे ते रशियनमधले. आमच्याकडं दोन खोल्या, एकीत देव. मांस घरात यायचं नाही. पहिल्या दिवशी भांड्यात दूध-भाकर कुस्करून ठेवली, तर ती समोर बसून राहिली. खायला सांगितल्याशिवाय खायचं नाही अशी तिला शिस्त होती, आणि सांगायचा शब्द मला माहीत नव्हता. मी माझी दोन्ही वाक्यं म्हटली. नमस्कार केला, मग कसं काय चाललंय म्हणून विचारलं. तिनं कान टवकारून आदरानं ऐकून घेतलं. खाल्लं नाही. संध्याकाळपर्यंत मी तिची पुष्कळ वेळा विचारपूस केली.

शेवटी ठकूबाई चुलीपुढून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “खात कावून नाई वं? कोन येनार हाय तुले भरवाले?” आणि बेल्का खाऊ लागली.

महिनाभरात त्या कुत्रीला सगळं कळायला लागलं. सरक तिकडं, गप बैस, देवघरात पाय नको, शेजारणीच्या कोंबडीकडं पाहायचं नाही. समोरच्या पंजाबी बाई आणि मागच्या तेलंगी बाई त्यांच्या-त्यांच्या भाषेत तिच्याशी बोलायच्या, तेही कळायचं. ठकूबाईनं तिच्यासाठी एक शब्द शिकला नाही. ती सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याशी बोलायची तेवढंच, बहुतेक माझ्याविषयी. पुढं निकोलाजी रजेवरून परत आले. दारातूनच त्यांनी प्रेमानं रशियनमध्ये हाक मारली, तर बेल्का वळून ठकूबाईकडं पाहायला लागली, हे काय म्हणून राहिले असं विचारावं तशी. गेली त्यांच्याबरोबर, पण घरी ऐकेना. मग निकोलाजी संध्याकाळी आमच्याकडं पाटावर बसून ठकूबाईकडून शब्द शिकून जाऊ लागले, आणि पुढं कितीतरी दिवस रशियन कॉम्प्लेक्सच्या रस्त्यावर हा सहा फुटी गोरा माणूस आपल्याच कुत्रीला “सरक, सरक वं” म्हणत फिरताना लोकांनी पाहिला आहे.

आता तुम्हीच सांगा, यातून मी काय घ्यावं? बेल्का परक्या घरी एक शब्द न शिकता आली आणि सुखात राहिली. मी दोन वाक्यं शिकलो आणि घरात कुत्री आली. सयामात तर याहून धोका आहे. वाचनालयातल्या मासिकात वाचलं की तिकडं माणसं भेटली की आपल्यासारखेच हात जोडतात. हात जोडणं मला जन्मापासून येतं, आणि चांगलं येतं. म्हणजे मी विमानातून उतरून पहिल्याच माणसाला असा व्यवस्थित नमस्कार करणार की त्याला वाटेल, याला आमची भाषा पुरती येते. त्यातच लिहिलं होतं की तिथं एकच शब्द चढ्या सुरात म्हटला तर एक अर्थ, उतरत्या सुरात म्हटला तर दुसरा. माझा आवाज तर तुम्हाला माहीत आहे, भजनातसुद्धा एकाच पट्टीत चालतो.

कधी वाटतं, एवढी काळजी करू नये. देवापुढं रोज जी स्तोत्रं म्हणतो त्यांतलं निम्मं मला कुठं कळतं? तीस वर्षं झाली, मी म्हणतो, तो ऐकतो. त्यानं कधी गैरसमज करून घेतला नाही. तिथं बुद्धाची मोठमोठी देवळं आहेत म्हणे. तिथं जाऊन बसेन, तिथं कोणी काही विचारणार नाही. पण देवळातून बाहेर तर यावंच लागेल. रस्ता चुकलो तर? नमुन्याचं धुराडं मोडलं आणि चिकटवायला सरस मागायचा असला तर? ऐन दिवाळीत, जिथं आपलं कोणी नाही अशा ठिकाणी, मी काय सांगतो ते कोणाला कळलं नाही तर एक वेळ चालेल. ते काय सांगतात ते मला कळलं नाही आणि तरी मी मान डोलावली तर काय होईल, याचा विचार आला की रात्री उठून पाणी पितो.

तरी विचार करून आपलं मत कळवावं. माझ्या गैरहजेरीत दिवाळीला तुम्ही दोघं इकडं आलात तर ठकूबाईला बरं वाटेल. ती तसं म्हणणार नाही. गुडघ्याला त्रास नको म्हणून दुर्गला स्टेशनवर तेजराम येईल. मुलांना आशीर्वाद.

आपला
शेषराव

ता. क. मत सावकाश कळवलं तरी चालेल. खरं काम वेगळं आहे. मला सयामी भाषेतलं एकच वाक्य पाहिजे: “मला समजलं नाही.” नमस्कार नको, कसं काय नको, वरण नको, हे एक द्या. तुम्हाला येत असलं तर देवनागरीत लिहून, कुठं चढायचं आणि कुठं उतरायचं तिथं खूण करून उलट टपाली पाठवा. येत नसलं तर तसं लिहा, मी कोणाला सांगणार नाही. हे पत्र आत्ता ठकूबाईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, “आधी त्या सायबाले म्हना. मराठीत तरी कधी म्हटलं का तुमी? मंग सयामीत म्हना.”

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. आज साहेबांच्या खोलीत गेलो आणि हात जोडून म्हटलं, “साहब, उस दिन की बात मेरी समझ में नहीं आई.” त्यांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी खुर्ची दिली (मी टोकावर बसलो) आणि सगळं सावकाश हिंदीत पुन्हा सांगितलं. मी एकटा नाही, आम्ही चार जण आहोत. तिकडं दुभाषी आहे. एक गुजराती शेठ वर्षानुवर्षं तिथं राहतात, त्यांच्याकडून शाकाहारी डबा येणार आहे. मी विचारलं, मलाच कावून निवडलं? ते म्हणाले, बाकीच्या मिस्त्र्यांनी इतके प्रश्न विचारले की साहेबांचं डोकं उठलं. मी एकटा सगळं ऐकून शांत होतो, म्हणून त्यांना वाटलं की हा परदेशी वावरलेला माणूस दिसतो. शेवटी त्यांनी विचारलं, आता समजलं का? मी मान डोलावली. मग आठवलं, आणि तोंडानं हो म्हटलं. आज बऱ्याच दिवसांनी रंधा सरळ चालला.

शेवटची ता. क. तेव्हा भाषेची आता गरज नाही, आणि तुम्ही त्रास घेऊ नये असं मी लिहिणार होतो. पण ठकूबाई म्हणते, ते वाक्य मागवाच, आणि निघेपर्यंत मी ते रोज देवापुढं तिला म्हणून दाखवायचं. मी म्हटलं, दुभाषी आहे ना. तर म्हणाली, “कुत्री होती, मी सांभाळली. तिकडं हत्ती लय हायेत म्हनतेत.”